पाटी राहिली, रस्ता बदलला

बारावीच्या एका मुलाने प्रकल्पासाठी आपल्या तालुक्यातील पावसाचे तीस वर्षांचे आकडे गोळा केले होते. आलेखावरच्या ठिपक्यांना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेघ शोधायची, एवढेच काम. कागद-पेन्सिलने करता आले असते, पण त्याला ते पायथन या संगणकभाषेत करून पाहायचे होते. कुणाकडून तरी आलेल्या झेरॉक्स टिपणात पहिलीच ओळ होती, ‘पिप इन्स्टॉल एसकेलर्न’. त्याने ती टंकली. पडद्यावर वीस-पंचवीस ओळी धडाधड उमटल्या, काही लाल अक्षरांत. “सर, माझं काहीतरी चुकलं,” असे म्हणत तो खिडकी बंद करायला निघाला.

मी त्याला थांबवले. म्हटले, “आधी वाच तरी काय लिहिलंय ते.”

त्या गर्दीत मधोमध साध्या इंग्रजीत चक्क एक पत्र होते. मतलब असा : ‘एसकेलर्न’ नावाचे पॅकेज आता बाद झाले आहे, त्याऐवजी ‘सायकिट-लर्न’ हे नाव वापरा. तुम्ही स्वतः आज्ञा दिली असेल तर ती अशी बदला. तुमच्या प्रकल्पाच्या यादीत हे नाव असेल तर तिथे बदला. तुम्ही वापरत असलेल्या दुसऱ्याच एखाद्या पॅकेजने हे नाव मागितले असेल तर ते कोणते, याचा शोध घेऊन त्याच्या कर्त्यांना कळवा. आणि यातले काहीच जमत नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून संगणकात अमुक एक खूण करून ठेवा, म्हणजे आम्ही तुम्हाला अडवणार नाही.

मुलाने नाव बदलले. दोन-तीन मिनिटांत पॅकेज बसले, रेघही निघाली. मग त्याने विचारले, “पॅकेज बाद झालंय तर ते काढून का नाही टाकलं? बाद झालेल्या गोष्टीत एवढं पत्र कशाला लिहीत बसायचं?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर द्यायचे तर पंचवीस-तीस वर्षे मागे जावे लागते.

पायथन भाषा गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या एका गणित-संगणक संशोधन संस्थेत तयार केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांना खुली केली. लोक तीत उपयोगी आज्ञावल्या लिहू लागले. पण आपली आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर बसवायची कशी, याची एक ठरलेली रीत नव्हती. जो तो आपल्या फायलींसोबत ‘आधी हे वाचा’ अशी एक फाइल जोडायचा आणि तीत या फायली कुठे ठेवायच्या, काय जुळवायचे ते लिहायचा. १९९८ च्या डिसेंबरात या प्रश्नासाठी एक गट स्थापन झाला. ग्रेग वॉर्ड यांच्या पुढाकाराने ‘डिस्टयुटिल्स’ नावाची साधने लिहिली गेली आणि २००० साली पायथनच्या १.६ व २.० या आवृत्त्यांबरोबर ती भाषेतच समाविष्ट झाली. रीत सुटसुटीत होती. कर्त्याने ‘सेटअप डॉट पाय’ नावाची एक छोटी फाइल लिहायची. पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणकोणत्या फायली, हे सगळे तीत. घेणाऱ्याने एकच आज्ञा द्यायची : ‘पायथन सेटअप डॉट पाय इन्स्टॉल’.

इथे एक बारकावा आहे आणि पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे. खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी आणि खोक्याबरोबर आलेला माणूस यांत फरक असतो. चिठ्ठीवर नाव, वजन, पत्ता असतो, ती गप्प बसते. माणूस तुमच्या घरात येतो, खोके उघडतो, इकडेतिकडे पाहतो, बोलतो, प्रसंगी “हे मी इथे बसवणार नाही” असेही म्हणतो. सेटअप डॉट पाय ही चिठ्ठी नव्हती. ती स्वतःच एक आज्ञावली होती आणि घेणाऱ्याच्या संगणकावर चालत होती. साहजिकच कर्त्यांनी तिच्या तोंडी सूचना घालायला सुरुवात केली. ‘तुमचा पायथन जुना आहे.’ ‘आधी अमुक बसवा.’ ‘या पॅकेजचे नाव बदलले आहे.’ लिहिताना या सूचना खऱ्याच होत्या. पुढे त्यांचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

२००३ साली सर्व पॅकेजांची एक सामाईक वखार इंटरनेटवर उभी राहिली. तिला गमतीने ‘चीज शॉप’ म्हणत. भाषेचे नावच मुळी सापावरून नाही, ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळींवरून घेतलेले, आणि त्यांच्या एका प्रहसनातल्या चीजच्या दुकानात कुठलेच चीज मिळत नाही! पुढे या वखारीत लाखो पॅकेजे जमा झाली, पण तिचा एक कडक नियम आहे. एकदा ठेवलेली फाइल बदलता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर नवा क्रमांक देऊन नवी फाइल ठेवायची. हा नियम योग्यच आहे, नाहीतर काल तपासून घेतलेली वस्तू आज तीच आहे याची खात्री कोण देणार? पण त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या फाइलमधली सूचना दहा वर्षांपूर्वीचीच राहते.

२००४ मध्ये फिलिप ईबी यांनी ‘सेटअपटूल्स’ नावाची अधिक सोयीची साधने आणली. पण ती पायथनबरोबर येत नसत, वेगळी बसवावी लागत. यावर उपाय म्हणून ‘ईझेड-सेटअप’ नावाची एक फाइल निघाली. कर्त्याने ती आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नुसती नकलून ठेवायची. घेणाऱ्याकडे सेटअपटूल्स नसतील तर ती फाइल स्वतः इंटरनेटवरून आणून बसवी. सोय अशी होती की लोकांनी ती खरोखरच नकलली, असंख्य ठिकाणी. काही वर्षांनी पद्धत बदलली. मूळ फाइलच्या माथ्यावर कर्त्यांनी ‘ही रीत आता बाद आहे’ अशी ओळ घातली. पण ती पडली मूळ फाइलमध्ये. नकला आपापल्या फोल्डरांत जुन्याच राहिल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये वखारीने असुरक्षित जोडणी बंद केली, एप्रिल २०१८ मध्ये वखारीचा पत्ताही बदलला. जुन्या नकला मात्र जुन्याच दारावर थापा मारत राहिल्या आणि दार उघडत नाही म्हणून भलतीच तक्रार पडद्यावर दाखवत राहिल्या. शिक्षकांना याचे नवल वाटू नये. परीक्षेच्या परिपत्रकाचे शुद्धिपत्रक निघते, पण ते आधी काढलेल्या झेरॉक्सवर आपोआप उमटत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात एखादी गोष्ट ‘डेप्रिकेटेड’ झाली असे म्हणतात, तेव्हा ती बंद पडलेली नसते. ती चालू असते, पण यापुढे तिच्यावर विसंबू नका, असे तिच्या कर्त्यांनी जाहीर केलेले असते. मोडकळीला आलेल्या पुलावर ‘जड वाहनांस मनाई’ असा फलक लागतो, तसे. पूल उभा असतो, बैलगाडी जाते. मात्र फलक वाचला गेला पाहिजे, आणि कुणी वाचायचा हे ठरलेले पाहिजे. पायथनच्या कर्त्यांना हा दुसरा प्रश्न चांगलाच नडला. त्यांच्या भाषेत ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ नावाची इशाऱ्याची एक जातच आहे. सुरुवातीला असे इशारे सर्वांना दिसत. पण ज्याने आज्ञावली लिहिलीच नाही, केवळ वापरली, त्यालाही ते दिसत. बसच्या प्रवाशाला इंजिनाच्या तेलाची सूचना देऊन काय उपयोग? तो घाबरतो किंवा दुर्लक्ष करायला शिकतो. म्हणून २०१० मध्ये, पायथन २.७ पासून, हे इशारे मुळात लपवून ठेवायचे ठरले. आता दुसरेच टोक झाले. ज्यांनी वाचायचे त्या कर्त्यांनाही ते दिसेनात आणि बदल प्रत्यक्षात आला की त्यांची धावपळ होई. शेवटी २०१८ मध्ये, ३.७ पासून, मधला मार्ग निघाला. जी फाइल तुम्ही स्वतः चालवत आहात तिच्यातला इशारा दिसेल, आतल्या फायलींतले दिसणार नाहीत. एक साधी सूचना कुणाला दाखवायची हे ठरवायला आठ वर्षे गेली, पण त्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या सूचनाफलकावर पालकांसाठी, मुलांसाठी आणि शिपायासाठी लिहिलेले कागद एकाच टाचणीला लटकत असतातच की.

बसवण्याच्या स्क्रिप्टांचे दुखणे थोडे वेगळे होते. २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी ‘पिप’ हे साधन आणले आणि लोक सेटअप डॉट पाय स्वतः चालवण्याऐवजी पिपकडून चालवून घेऊ लागले. पिप शिस्तीचे आहे. काम नीट पार पडले तर आतल्या स्क्रिप्टने काय बडबड केली ते ते दाखवत नाही. ‘यशस्वीरीत्या बसवले’ एवढेच सांगते. कर्त्याने स्क्रिप्टमध्ये कितीही नम्रपणे ‘कृपया नवे नाव वापरा’ असे छापले, तरी पॅकेज बसले की ती ओळ कुणाच्याच नजरेला पडत नाही. ती दिसायची एकच वेळ, काम फसल्यावर. सांगायचे असेल तर आधी अडवावे लागणार!

आता सूचना नुसती जुनी न होता उलटी कशी होते, ते पाहू. हा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आले. ते पायथन २ शी पूर्ण जुळणारे नव्हते, त्यामुळे दोन्ही भाषा अकरा वर्षे शेजारी नांदल्या. मोठ्या प्रकल्पांनी हळूहळू पायथन २ ला आधार देणे थांबवले. एप्रिल २०१७ मध्ये आयपायथनची ६.० आवृत्ती आली, ती फक्त पायथन ३ साठी. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० नेही तेच केले. पण जुन्या पायथनवर असलेल्या माणसाने आज्ञा दिली तर त्याला चुकून नवी आवृत्ती मिळू नये, यासाठी काय करायचे? नोव्हेंबर २०१६ च्या पिप ९.० पासून एक सोय झाली होती. पॅकेजच्या चिठ्ठीवरच ‘अमुक पायथन लागेल’ असे लिहिता येई आणि पिप ते वाचून योग्य आवृत्ती निवडी. अडचण होती ती पिपच जुने असणाऱ्यांची. त्यांचे पिप ही चिठ्ठी वाचतच नव्हते. म्हणून आयपायथन, जँगो वगैरेंनी सेटअप डॉट पायमध्ये सूचना घातली : तुमचा पायथन चालणार नाही. बहुधा तुमचे पिप जुने असावे. ते ९.० किंवा त्याहून नवे करून पुन्हा प्रयत्न करा.

ही सूचना लिहिण्यातही एक मेख होती. जुना पायथन ती स्क्रिप्ट वाचणार, म्हणून ती त्याला कळणाऱ्या व्याकरणात लिहायला हवी. पायथन एखादी फाइल चालवण्याआधी ती सगळी वाचून व्याकरण तपासतो. फाइलमध्ये कुठेही एक नवी वाक्यरचना आली, तर तो पहिल्या ओळीवरची सूचनादेखील न छापता ‘व्याकरणाची चूक’ असे म्हणून थांबतो. म्हणजे ‘तुमचा पायथन जुना आहे’ हे वाक्य जुन्याच पायथनमध्ये म्हणावे लागते. आधुनिकतेच्या उत्साहात कुणी फाइल नव्या ढंगाने सजवली की सूचना तिथेच मेली. आणि गंमत अशी, की ती मेलेली आहे हे सजवणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्या संगणकावर नवा पायथन असतो.

असो. २०१७ मध्ये ‘आधी पिप नवे करा’ हा सल्ला अगदी बरोबर होता. जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल थांबली. जानेवारी २०२१ मध्ये पिपची २१.० आवृत्ती आली आणि तिने पायथन २.७ व ३.५ यांची साथ सोडली. आता पायथन २.७ आणि फार जुने पिप असलेल्या एखाद्या माणसाची कल्पना करा. त्याला तीच जुनी सूचना दिसते. तो निमूटपणे ती पाळतो. त्याचे पिप चिठ्ठी वाचत नाही, म्हणून ते सर्वांत नवे पिप आणून बसवते, जे त्याच्या पायथनवर चालतच नाही. पुढच्या आज्ञेला पिपच्या स्वतःच्याच फाइलमधली एक नवी वाक्यरचना जुन्या पायथनला अडते आणि ‘व्याकरणाची चूक’ उमटते. आधी एक पॅकेज बसत नव्हते, आता पिपच गेले. त्या दिवसांत अनेकांचे असे झाले. सल्ला देणाऱ्याने चूक केली नव्हती, पाळणाऱ्यानेही नाही. मधल्या काळात रस्ता बदलला आणि पाटी तशीच राहिली.

याच घटनेतले एक चांगले उदाहरणही सांगायला हवे. पिप नव्याने बसवण्यासाठी ‘गेट-पिप’ नावाची स्क्रिप्ट असते. ती पायथन २.७ वर चालवली तर तिने सांगावे असे नंतर ठरले : ही स्क्रिप्ट पायथन २.७ वर चालत नाही, किमान इतकी आवृत्ती लागेल, आणि तुमच्या आवृत्तीसाठीची स्क्रिप्ट या पत्त्यावर आहे. काय झाले, का झाले, आणि आता कुठे जायचे, हे सगळे दोन-तीन वाक्यांत. याच्या शेजारी ऑक्टोबर २०२१ मधला सेटअपटूल्सचा एक इशारा ठेवा. त्याचा आशय असा होता, की सेटअप डॉट पाय थेट चालवून बसवणे बाद आहे, त्याऐवजी ‘बिल्ड आणि पिप आणि इतर प्रमाणित साधने’ वापरा. म्हणजे नेमके काय वापरायचे? बिल्ड, पिप, की दोन्ही? नवशिक्याला तो इशारा ‘योग्य त्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा’ या थाटाचा वाटला तर दोष त्याचा नाही.

आता आपल्या मुलाच्या पत्राकडे येऊ. सायकिट-लर्न हे आकडेवारीवरून अनुमान काढणारे पॅकेज. २००७ मध्ये दाविद कुर्नापो यांनी गूगलच्या उन्हाळी उपक्रमात ते सुरू केले. पुढे फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेतील मंडळींनी हाती घेऊन फेब्रुवारी २०१० मध्ये पहिली जाहीर आवृत्ती काढली. त्याला दोन नावे आहेत. वखारीतले नाव ‘सायकिट-लर्न’, पण आज्ञावलीत वापरायचे नाव ‘एसकेलर्न’. आपल्याकडे शाळेच्या पटावर एक नाव आणि घरी हाक मारायचे दुसरे असते, तसेच. साहजिकच लोक वखारीत घरचे नाव सांगत. ही चूक कुणी दुष्टाने हेरली आणि त्याच नावाखाली भलतेच पॅकेज ठेवले तर? म्हणून कर्त्यांनी ‘एसकेलर्न’ नावाचे एक पोकळ पॅकेज ठेवले. आत काही नाही, फक्त खऱ्या पॅकेजकडे बोट.

ही भीती काल्पनिक नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने वखारीतली दहा बनावट पॅकेजे उघडकीस आणली. नावे खऱ्या पॅकेजांच्या इतकी जवळची की हात चुकला की तीच मिळावीत. एकाचे नाव होते ‘सेटअप-टूल्स’, मध्ये फक्त एक आडवी रेघ जास्त. त्यांची सेटअप डॉट पाय बसवणाऱ्याच्या संगणकाचे व वापरकर्त्याचे नाव गुपचूप दूर कुठेतरी पाठवत होती. खोक्याबरोबर आलेला माणूस बोलू शकतो, तसा तो कपाटेही उघडू शकतो!

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. बाद पॅकेजचे नाव मोकळे सोडले तर ते दुसरा कुणी बळकावेल. उरलेले अर्धे उत्तर मार्च २०१६ मधल्या एका प्रसंगात आहे. जावास्क्रिप्ट भाषेच्या वखारीतून एका कर्त्याने ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे पॅकेज रागाने काढून घेतले. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच ते करी. पण त्यावर दुसरी पॅकेजे, त्यांवर तिसरी, अशी उतरंड उभी होती. काही तास जगभर प्रकल्पांची जुळणी अडून बसली. अडलेल्यांना पडद्यावर दिसले ते एवढेच, की वस्तू सापडत नाही. कुठे गेली, का गेली, आता काय करावे, हे सांगायला कुणी उरलेच नव्हते.

मग सायकिट-लर्नच्या मंडळींनी काय केले? महाराष्ट्रातल्या वाचकाला ते लगेच समजेल. त्यांनी भारनियमनाचे वेळापत्रक काढले. डिसेंबर २०२२ पासून एसकेलर्नची सेटअप डॉट पाय घड्याळ पाहू लागली. सुरुवातीला दर तासाची पहिली पाच मिनिटे ती बसायला नकार देई आणि ते पत्र दाखवी. उरलेल्या वेळात निमूट बसे. मग दर दोन महिन्यांनी नकाराची मिनिटे वाढत गेली. १ डिसेंबर २०२३ पासून कायमचा नकार. ज्याचे काम अचानक अडले त्याने पत्र वाचावे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करून आजचे काम निभावून न्यावे आणि सवडीने नाव दुरुस्त करावे, अशी योजना. पिप यशस्वी कामातल्या सूचना दाखवत नाही, या अडचणीला इतके माणुसकीचे उत्तर मी तरी दुसरे पाहिलेले नाही. वीज एकदम तोडण्यापेक्षा दिवा मिणमिणता करणे बरे.

पण वेळापत्रक म्हटले की त्याला शेवटची तारीख आलीच. १ डिसेंबर २०२३ उलटल्यावर त्या कोष्टकातली फक्त शेवटची ओळ जिवंत राहिली. बाकीच्या ओळी आणि तारखा तपासणारी आकडेमोड इतिहासजमा झाली. ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करून पाहा’ असे कुणी त्या कोष्टकावरून समजला तर तो दिवसभर प्रयत्न करत बसेल. बाद स्क्रिप्टकडे कुणी सहसा फिरकत नाही. ‘जायचंच आहे ते, कशाला हात लावा’ असा सगळीकडचा कल. माझे मत नेमके उलट आहे. जे पॅकेज आता फक्त एक निरोप देण्यासाठी उरले आहे, त्यातला निरोपच खोटा झाला तर ते कशासाठी उरले?

डिस्टयुटिल्सची अखेर याच सुमारास झाली, पण तितकी हळुवार नाही. ऑक्टोबर २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये ती बाद ठरली आणि २ ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये काढून टाकली गेली. दोन वर्षांची मुदत होती, जाहीर प्रस्ताव होता, सगळे रीतसर. पण जुन्या असंख्य सेटअप डॉट पायच्या डोक्यावर एक शहाणपणाची चौकट होती : सेटअपटूल्स मिळाली तर ती वापर, नाहीतर डिस्टयुटिल्स तर आहेतच. ‘आहेतच’ हे तेवीस वर्षे खरे होत आले होते. ३.१२ पासून नव्याने तयार केलेल्या पायथनच्या स्वतंत्र कप्प्यात सेटअपटूल्सही आपोआप येत नाहीत. मग ती स्क्रिप्ट आधी सेटअपटूल्स शोधते, सापडत नाहीत. डिस्टयुटिल्सकडे वळते, त्याही नाहीत. पडद्यावर शेवटची ओळ उमटते, ‘डिस्टयुटिल्स नावाचे काही नाही’. वाचणारा डिस्टयुटिल्स शोधत हिंडतो. खरी उणीव सेटअपटूल्सची, एका आज्ञेने भरून निघणारी, पण तिचे नाव चार ओळी वर दडलेले. इथे तर कुणी खोटी सूचना लिहिलीही नव्हती. ‘नाहीतर’ हा एक शब्द काय तो जुना झाला होता.

हे सगळे सांगून झाल्यावर मी ते लाल अक्षरांतले पत्र छापून घेतले आणि मुलाच्या हाती पेन्सिल दिली. म्हटले, “आज तुला हे पॅकेज सांभाळायला दिलं, तर यातलं काय खोडशील?” नाव बदला, ही ओळ त्याने ठेवली. यादीच्या फाइलची ओळ ठेवली. दुसऱ्या पॅकेजच्या कर्त्यांना कळवा, या ओळीपाशी तो जरा थांबला आणि म्हणाला, “ही तर सगळ्यात महत्त्वाची. नाहीतर चूक तिथेच राहणार.” ती ठेवली. वेळापत्रकाचा मुद्दा मी तोंडी सांगितला होता. त्यावर त्याचे मत असे पडले, की ते खोडावे, पण ‘१ डिसेंबर २०२३ पासून बंद’ एवढी तारीख राहू द्यावी, म्हणजे जुने टिपण वाचून आलेल्याला आपले टिपण त्याआधीचे आहे हे कळेल. हे मला सुचले नव्हते.

वाद झाला तो शेवटच्या उपायावर, म्हणजे खूण करून ठेवली तर अडवणार नाही, या ओळीवर. तो म्हणाला, खोडा, लोक आळशी असतात, तेवढीच ओळ वाचतील. मी म्हटले, एखाद्या प्रयोगशाळेतला संगणक असा असेल की त्याच्या आज्ञावलीला हात लावण्याचा अधिकारच समोरच्याला नसेल, त्याने काय करावे? बराच वेळ वाद चालला. ओळ राहिली, पण ती सर्वांत शेवटी असावी यावर एकमत झाले. मूळ पत्रातही ती शेवटीच होती, हे मग आमच्या लक्षात आले.

जाताना त्याने झेरॉक्स टिपणातली पहिली ओळ लाल शाईने दुरुस्त केली आणि शेजारी तारीख घातली. त्या टिपणाच्या आणखी सहा-सात प्रती वर्गात फिरत होत्या. मूळ प्रत कुणाकडे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.